घटक ६ : ‘मान’, ‘मान्य’ आणि ‘मान्यता’ : राजनैतिक भाषेचा एक अभ्यास

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषिक कृतीची संकल्पना अभ्यासली. काही विधाने वस्तुस्थितीचे वर्णन करतात, तर काही विधाने उच्चारली जाताच एखादी कृती घडवून आणतात, हे आपण पाहिले. ‘सभा तहकूब झाल्याचे मी जाहीर करतो’ हे वाक्य अध्यक्षाने उच्चारले की सभा तहकूब होते. तेच वाक्य शेवटच्या रांगेतील श्रोत्याने उच्चारले तर फार तर हशा होतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९६२ साली, ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत या भेदाची मांडणी केली. वक्त्याचा अधिकार, प्रसंगाचे औचित्य आणि ठरलेले शब्द यांपैकी एकही गोष्ट चुकली तर कृती फसते, हेही आपण नोंदवले होते.

हा सिद्धान्त लग्नमंडप, न्यायालय आणि सभागृह यांतील उदाहरणांनी समजावून सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. प्रस्तुत घटकात मात्र आपण अधिक अवघड क्षेत्र निवडणार आहोत. २००६ आणि २००७ या वर्षांत पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांचे वेतन मिळणार की नाही, हा प्रश्न बऱ्याच अंशी एका क्रियापदावर येऊन ठेपला होता. ते क्रियापद कोणते, ते का निवडले गेले आणि मराठीत आणताना त्याचे काय होते, हे आपल्याला पाहायचे आहे. या संघर्षात न्याय कोणाच्या बाजूला आहे, याचा निवाडा करणे हा या घटकाचा हेतू नाही. तुमचे त्याविषयी काही मत असेलच. वाचताना ते थोडा वेळ बाजूला ठेवावे, एवढीच विनंती.

६.२ ‘तत्त्वे’ आणि ‘अटी’

२५ जानेवारी २००६ रोजी पॅलेस्टिनी विधान परिषदेची निवडणूक झाली. १३२ जागांपैकी ७४ जागा हमासच्या यादीला आणि ४५ जागा फतहला मिळाल्या. प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास हे फतहचे, आणि विधान परिषदेतील बहुमत हमासचे, अशी स्थिती निर्माण झाली. संयुक्त राष्ट्रे, अमेरिका, युरोपीय संघ आणि रशिया यांचा मिळून जो गट ‘चौकडी’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो, त्याने ३० जानेवारीस लंडन येथे एक निवेदन प्रसिद्ध केले. (मराठीत ‘चौकडी’ या शब्दाला जो वास येतो तो मूळ नावाला नाही, म्हणून यापुढे आपण ‘चतुष्टय’ म्हणू.)

त्या निवेदनाचा आशय असा होता : नव्या सरकारला पुढे द्यावयाच्या मदतीचा देणगीदार देश फेरविचार करतील हे अटळ आहे, आणि हा फेरविचार अहिंसा, इस्रायलला मान्यता आणि पूर्वीच्या करारांचा स्वीकार या तीन तत्त्वांशी ते सरकार किती बांधील आहे, हे पाहून होईल.

या वाक्याची रचना बारकाईने पाहा. ‘आम्ही मदत बंद करू’ असे येथे कोणीही म्हटलेले नाही. कर्ता ‘देणगीदार’ आहे, म्हणजे निवेदन करणारा गट स्वतः कर्त्याच्या जागी नाही. क्रिया ‘फेरविचार’ ही आहे. आणि सर्वांवर ‘अटळ आहे’ या शब्दांचे पांघरूण आहे, म्हणजे जणू हवामानाचा अंदाजच वर्तवला जात आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हे एक वर्णनपर विधान आहे. प्रत्यक्षात मात्र ते एका कृतीचे काम करून गेले. काही आठवड्यांतच ‘तत्त्वे’ हा शब्द मागे पडला आणि वृत्तपत्रे, मुत्सद्दी व स्वतः पॅलेस्टिनी नेतेही ‘तीन अटी’ असा उल्लेख करू लागले. तत्त्व आणि अट यांतील अंतर आपण सारे जाणतो. तत्त्वाकडे वाटचाल करता येते. अट पुरी होते किंवा होत नाही. संयुक्त राष्ट्रांचे तेथील विशेष समन्वयक आल्वारो दे सोतो यांनी मे २००७ मध्ये पद सोडताना लिहिलेल्या आणि पुढच्याच महिन्यात फुटलेल्या अहवालात या धोरणावर कठोर टीका केली आहे. निवेदनातील शब्द कसे घडले आणि पुढे ते कसे वापरले गेले, याविषयीची अस्वस्थता त्या अहवालात स्पष्ट दिसते.

मार्च २००६ च्या अखेरीस इस्माईल हनिया यांचे सरकार सत्तेवर आले. एप्रिलमध्ये युरोपीय संघ आणि अमेरिका यांनी प्राधिकरणाला थेट दिली जाणारी मदत थांबवली. याहून मोठा आघात करांच्या रकमेचा होता. १९९४ च्या पॅरिस आर्थिक करारानुसार पॅलेस्टिनी प्रदेशांत जाणाऱ्या मालावरील सीमाशुल्क आणि मूल्यवर्धित कर इस्रायल गोळा करते आणि दर महिन्याला प्राधिकरणाकडे सुपूर्द करते. ही रक्कम त्या काळी महिन्याला पाच ते सहा कोटी डॉलरच्या घरात होती आणि प्राधिकरणाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा तो सर्वांत मोठा भाग होता. इस्रायलने ती रोखून धरली. अरब देशांनी देऊ केलेले पैसेही पोहोचेनात, कारण अमेरिकी कायद्याच्या धाकाने बँका ते हस्तांतरित करण्यास धजत नव्हत्या. जून २००६ मध्ये परराष्ट्रमंत्री महमूद अल-झहार हे सुमारे दोन कोटी डॉलर रोख रक्कम बॅगांत भरून रफाहच्या नाक्यावरून गाझात घेऊन आले. परराष्ट्रमंत्र्यानेच हवाला पोहोचवण्याची ही वेळ होती. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या त्या शिक्षकांच्या संपानेच. या पुस्तिकेच्या वाचकांत शिक्षक अनेक असतात; सहा महिने पगार न मिळणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

६.३ मक्केतील एक क्रियापद

अशा कोंडीत, आणि गाझाच्या रस्त्यांवर दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांवर गोळ्या झाडत असताना, सौदी अरेबियाचे राजे अब्दुल्ला यांनी दोन्ही बाजूंना मक्केत बोलावले. ८ फेब्रुवारी २००७ रोजी तेथे समझोता झाला आणि राष्ट्रीय ऐक्याचे सरकार स्थापण्याचे ठरले. या समझोत्याचा गाभा म्हणजे अब्बास यांनी हनिया यांना दिलेले नियुक्तिपत्र होय. मजकूर अगदी थोडा. पण त्यातील शब्दांवर दीर्घ काळ घासाघीस झाली होती.

पत्रात दोन क्रियावाचक संज्ञा येतात. पॅलेस्टिनी जनतेच्या सर्वोच्च हितसंबंधांविषयी बोलताना ‘इल्तिझाम’ हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ बांधील असणे, स्वतःवर बंधन घेणे. हिंदीतील ‘लाजमी’ हा शब्द याच धातूपासून आलेला आहे. परंतु आंतरराष्ट्रीय ठराव आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने केलेले करार यांच्याविषयी बोलताना पत्र शब्द बदलते. तेथे ‘इह्तिराम’ असा शब्द येतो. इह्तिराम म्हणजे आदर; उर्दूतील ‘एहतराम’ तुमच्या कानांवरून गेला असेल. (याच ‘ह-र-म’ धातूपासून ‘हरम’ आणि ‘हराम’ हे शब्द निघाले. जे पवित्र म्हणून अस्पर्श आणि जे निषिद्ध म्हणून अस्पर्श, ते दोन्ही एकाच धातूत राहते. मराठीने यांपैकी शिवीचा भाग तेवढा मनापासून स्वीकारला.)

एकाच पत्रात, लागोपाठच्या वाक्यांत दोन भिन्न शब्द येतात, तेव्हा तो योगायोग नसतो. करारांशी ‘बांधील राहणे’ म्हणजे ज्या करारांत इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य केला आहे, ते स्वतःवर बंधनकारक मानणे. चतुष्टयाची तीनपैकी किमान दोन तत्त्वे त्याने पुरी झाली असती. हमासला ते मंजूर नव्हते. करारांचा ‘आदर करणे’ म्हणजे ते आहेत हे जाणून वागणे, त्यांना पायदळी न तुडवणे. पण त्यांवर स्वतःची सही नाही, हे विसरू न देणे. आपल्याकडे सासरच्या मंडळींच्या रीतींचा आदर करणारी सून त्या रीती पाळतेच असे नाही, आणि उभय पक्षांना ते ठाऊक असते. हे अंतर राखणारा शब्द सापडल्याशिवाय मक्केत सही झाली नसती.

आता ऑस्टिनकडे वळू. पत्रातील मुख्य क्रियापद ‘मी आपणांस आवाहन करतो’ असे आहे. म्हणजे भाषिक कृतीच्या वर्गीकरणात हे वचन नाही. हे आवाहन आहे. आदर करण्याचे आवाहन अब्बास करतात. हनिया नियुक्ती स्वीकारतात. आवाहनाला हनिया यांनी त्याच शब्दांत वचन दिले, असे पत्रात कोठेही दिसत नाही. पुढे सरकारच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आदर’ हा शब्द आला, पण त्याच कार्यक्रमात प्रतिकार हा हक्क असल्याचेही नमूद केले गेले आणि शांतता टिकवण्यासाठी प्रयत्न करू असेही म्हटले गेले. ज्याला जे वाचायचे असेल ते वाचता यावे, अशीच ही रचना होती. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शक्ती तुम्ही साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात कवितेच्या संदर्भात शिकलात. व्यंजनेवर कवीचा मक्ता नाही, हे या पत्रावरून ध्यानी यावे. कवी व्यंजना योजतो ती अर्थ वाढवण्यासाठी. मुत्सद्दी योजतो ती सही होण्यासाठी.

अशा संदिग्धतेला अप्रामाणिकपणा म्हणण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. रस्त्यावरचा गोळीबार थांबवण्यासाठी दोन पक्षांना एक वाक्य हवे असते. ते वाक्य दोघांनी दोन प्रकारे वाचले तरी काही काळ निभावते. अडचण तेव्हा येते, जेव्हा ते वाक्य तिसऱ्याला वाचून दाखवावे लागते आणि त्या तिसऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली असते.

६.४ मराठीत आणताना

हा प्रसंग आता मराठीत आणून पाहू. वृत्तपत्रात काम करू इच्छिणाऱ्यांनी आणि ‘व्यावहारिक मराठी’ हा विषय घेतलेल्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे.

‘मान देणे’, ‘मानणे’, ‘मान्य करणे’, ‘मान्यता देणे’ ही चारही रूपे ‘मन्’ या एकाच धातूच्या कुळातील आहेत. ‘मी त्यांना मानतो’ या मराठी वाक्यात आदरही आहे आणि स्वीकारही आहे. ‘पंचांचा शब्द मानला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात आदर, संमती आणि पालन या तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. म्हणजे अरबीने ज्या दोन अर्थांमध्ये भिंत उभी केली, त्यांना मराठीने एकाच छपराखाली नांदवले आहे. एखाद्या अनुवादकाने ‘नवे सरकार पूर्वीचे करार मानील’ असे लिहिले, तर वाक्य मराठी म्हणून निर्दोष होईल आणि बातमी म्हणून साफ चुकीची ठरेल. ‘करारांचा आदर राखील’ हे अधिक जवळचे आहे. मात्र वाचकाला त्यातील राखलेले अंतर कळावे म्हणून ‘बांधील राहील असे म्हटलेले नाही’ अशी पुस्ती जोडावी लागेल. पुस्ती जोडणे ही अनुवादकाची हार नव्हे.

दुसरा सापळा ‘करार’ या शब्दाचा आहे. मराठीने तो फारसीमार्गे अरबीतून घेतला. मूळ अरबीत ‘करार’ म्हणजे निर्णय किंवा ठराव. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांना अरबीत ‘करारात’ असे बहुवचन वापरतात. आपण ज्याला करार म्हणतो त्याला तेथे ‘इत्तिफाक’ म्हणतात. नियुक्तिपत्रात हे दोन्ही शब्द येतात. केवळ नादसाम्यावर विसंबणारा मराठी माणूस येथे हमखास घसरेल.

‘मान्यता’ यासाठी अरबी शब्द ‘इअतिराफ’ हा आहे. त्याचा धातू ‘जाणणे’ या अर्थाचा. आपले ‘मार्फत’ आणि ‘तारीफ’ हे शब्द याच कुळातील आहेत. परंतु ‘इअतिराफ’ या शब्दाचा दुसरा रूढ अर्थ ‘कबुली’ असा आहे, म्हणजे आरोपी देतो ती कबुली. इंग्रजीत किंवा मराठीत ‘इस्रायलला मान्यता द्या’ ही मागणी औपचारिक वाटते. अरबी कानाला तिच्यात ‘कबूल करा’ असाही सूर लागतो. यावरून सारा विरोध शब्दामुळे होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विरोधाची कारणे जमीन, निर्वासितांचे हक्क आणि रक्त यांत आहेत. शब्द त्या कारणांना उच्चार देतो, इतकेच.

मान्यता कोणाला आणि कशाला, हाही प्रश्न नेहमी विचारावा. ९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रांत यासर अराफात यांनी इस्रायलच्या शांततेत व सुरक्षिततेत अस्तित्वात राहण्याच्या हक्काला मान्यता दिली. उलट पत्री यित्झाक राबिन यांनी पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. क्रियापद दोन्हीकडे एकच. कर्म मात्र एकीकडे राज्य, दुसरीकडे संघटना. मान्यता आणि संबंध यांतही फरक असतो. भारताने इस्रायलला मान्यता दिली ती सप्टेंबर १९५० मध्ये. पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले ते जानेवारी १९९२ मध्ये. मधल्या काळात मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता, दिल्लीत राजदूत नव्हता. पॅलेस्टाईनच्या बाबतीत भारताने १९७४ मध्ये संघटनेला आणि १९८८ मध्ये राज्याला मान्यता दिली.

याच संदर्भात सुरक्षा परिषदेच्या १९६७ च्या २४२ क्रमांकाच्या ठरावाचा उल्लेख करायला हवा. इस्रायली सैन्याने व्याप्त ‘प्रदेशांतून’ माघार घ्यावी, असे तो सांगतो. इंग्रजी पाठात ‘प्रदेश’ या शब्दाआधी निश्चिततादर्शक उपपद नाही, फ्रेंच पाठात ते आहे. त्यामुळे ‘सर्व प्रदेशांतून’ की ‘काही प्रदेशांतून’ हा वाद आजतागायत चालू आहे. मराठीत अशी उपपदेच नाहीत. आपला अनुवाद या वादात नकळत तटस्थ राहतो, हे आपले चातुर्य नसून आपले व्याकरण आहे.

६.५ वेतन की भत्ता ?

१७ मार्च २००७ रोजी विधान परिषदेने ८३ विरुद्ध ३ मतांनी ऐक्य सरकारवर विश्वास दाखवला. पंतप्रधान हनियाच राहिले. अर्थखाते सलाम फय्याद यांच्याकडे आणि परराष्ट्रखाते झियाद अबू अम्र यांच्याकडे, म्हणजे हमासबाहेरील व्यक्तींकडे देण्यात आले. नॉर्वेने लगेच मान्यता दिली आणि त्या देशाचे उपपरराष्ट्रमंत्री हनियांना भेटले. इस्रायलने या सरकारशी व्यवहार करण्याचे नाकारले. अमेरिका व युरोपीय संघ यांनी मधला मार्ग काढला : हमासबाहेरील मंत्र्यांना भेटायचे, हमासच्या मंत्र्यांना भेटायचे नाही. एकाच मंत्रिमंडळातील दोन खुर्च्यांपैकी एकीकडे पाहून हसायचे आणि दुसरी रिकामी आहे असे समजायचे, अशी ही रीत होती. चतुष्टयाने सरकारचे मोजमाप त्याची रचना व कार्यक्रम यांबरोबरच त्याच्या कृतींवरूनही होईल असे म्हटले. त्याआधी, सप्टेंबर २००६ मध्ये, सरकारच्या कार्यक्रमात तत्त्वे ‘प्रतिबिंबित’ व्हावीत असा सौम्य शब्द त्यानेच वापरला होता. प्रतिबिंब अंधूकही चालते. त्या शब्दामुळे एक दार किलकिले झाले होते. ते पुरते उघडले मात्र नाही.

पैशांच्या बाबतीतही एक भाषिक युक्ती योजली गेली. जून २००६ पासून युरोपीय संघाने एक ‘तात्पुरती आंतरराष्ट्रीय यंत्रणा’ चालवली होती. तिच्याद्वारे रुग्णालयांना साहित्य व इंधन मिळे, आणि आरोग्य कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक व गरीब कुटुंबे यांच्या हाती सरकारला वळसा घालून रक्कम दिली जाई. त्या रकमेला ‘वेतन’ म्हटले गेले नाही; तिला ‘सामाजिक भत्ता’ म्हटले गेले. कारण उघड आहे. वेतन देणारा तो मालक. आणि मालक म्हणजे सरकार. ‘वेतन’ म्हटले असते तर सरकारचे अस्तित्व मागच्या दाराने मान्य झाले असते. परिचारिका तीच, रुग्ण तेच, पण कागदावर ती कर्मचारी न राहता गरजू ठरली. आपल्या अंगणवाडी सेविकांना मिळते ते ‘मानधन’, वेतन नव्हे. त्या एका शब्दावर किती मोर्चे निघाले, हे महाराष्ट्रातील वाचकास सांगायला नको. तेथेही पुन्हा ‘मान’ आहेच.

ऐक्य सरकार तीन महिने टिकले. जून २००७ मध्ये गाझात दोन्ही पक्षांत उघड लढाई झाली, हमासने गाझा ताब्यात घेतले आणि १४ जून रोजी अब्बास यांनी सरकार बरखास्त केले. पश्चिम किनाऱ्यावर फय्याद यांचे सरकार आले आणि अडलेली मदत वाहू लागली. वेळीच पूर्ण मदत मिळाली असती तर ऐक्य टिकले असते काय, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. भाषाविज्ञानाकडे त्याचे उत्तर नाही.

६.६ ऐक्याऐवजी सहमती

२३ एप्रिल २०१४ रोजी गाझातील शाती निर्वासित छावणीत पुन्हा समझोता झाला आणि २ जून रोजी रामी हमदल्ला यांचे सरकार शपथबद्ध झाले. या वेळी दोन बदल केले गेले. पहिला बदल नावाचा : २००७ मधील सरकार ‘वहदा’चे, म्हणजे ऐक्याचे होते, हे ‘विफाक’चे, म्हणजे सहमतीचे. ऐक्यात दोघे घरात असतात. सहमतीत एक जण बाहेर राहूनही मान डोलावू शकतो. दुसरा बदल, मंत्री पक्षाचे सदस्य नसलेले तज्ज्ञ होते. इस्रायलचा विरोध कायम राहिला, पण अमेरिकेने या सरकारबरोबर ‘काम करू’ असे म्हटले. ‘मान्यता देऊ’ असे म्हटले नाही, आणि ते शक्यही नव्हते, कारण अमेरिकेने पॅलेस्टाईनला राज्य म्हणूनच मान्यता दिलेली नव्हती. ‘काम करणे’ हे मान्यतेच्या अलीकडचे, पण तिजोरी उघडण्यास पुरेसे असे क्रियापद ठरले. त्याच उन्हाळ्यात गाझात पन्नास दिवसांचे युद्ध झाले. ऑक्टोबरमधील कैरो परिषदेत सुमारे ५४० कोटी डॉलरची आश्वासने दिली गेली. हमासच्या कारकिर्दीत गाझात नेमलेल्या सुमारे चाळीस हजार कर्मचाऱ्यांना ‘कर्मचारी’ म्हणायचे की नाही, हा प्रश्न मात्र सुटला नाही, आणि त्यांच्या पगाराच्या वादावरच हे सहमतीचे सरकार वारंवार अडखळत राहिले.

६.७ स्वाध्याय

(अ) आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचा, गृहनिर्माण संस्थेचा किंवा संघटनेचा एखादा ठराव मिळवा. त्यातील ‘मान्य’, ‘मंजूर’, ‘नोंद घेतली’ आणि ‘विचारार्थ ठेवले’ या शब्दप्रयोगांनी प्रत्यक्षात कोणती कृती घडली व कोणती टळली, ते १५० शब्दांत लिहा.

(आ) ‘नवे सरकार पूर्वीच्या करारांचा आदर करील, असे अध्यक्षांनी आवाहन केले’ या वाक्याची वृत्तपत्रासाठी तीन शीर्षके तयार करा : एक मूळ अर्थाशी प्रामाणिक, एक अर्थ वाढवणारे आणि एक अर्थ घटवणारे. प्रत्येकात नेमका कोणता शब्द बदलला, तो अधोरेखित करा.

(इ) ‘वेतन’, ‘भत्ता’, ‘मानधन’, ‘अनुदान’, ‘साहाय्य’ आणि ‘मदत’ हे शब्द देणारा व घेणारा यांच्यात कोणते नाते सूचित करतात, ते स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.